अकरा महिन्यांचा रहिवासी

गेल्या महिन्यात नागपुरातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एक ठराव मांडण्यात आला. यापुढे कोणत्याही सभासदाने आपली सदनिका अविवाहित मुलामुलींना किरायाने देऊ नये आणि इतर कोणाला द्यायची असल्यास आधी कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्यावी, असा त्याचा आशय होता. चर्चा दोन तास चालली आणि त्या दोन तासांत दोनच वाक्ये वेगवेगळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा ऐकू आली: ‘किरायेदार एकदा घुसला की निघत नाही’ आणि ‘घरमालक म्हणजे लुबाडणारा’. एका बाजूने महाल आणि इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या, तीन पिढ्या जागा न सोडणाऱ्या कुटुंबांचे दाखले दिले. दुसऱ्या बाजूने घर सोडताना अनामत परत न मिळालेल्या भाच्यांचे आणि मुलींचे. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. घरी परतताना मला जाणवले की दोन्ही बाजूंनी सांगितलेले अनुभव खरे होते, पण ज्या माणसाविषयी आपण बोलत होतो तो त्या सभागृहात कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता.

मी दोन्ही भूमिकांतून गेलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीची सहा वर्षे मी महालात एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत किरायाने काढली, आणि आज नंदनवनमधल्या वडिलोपार्जित घराचा वरचा मजला मी किरायाने देतो. या प्रश्नाविषयी माझे मत असे आहे: आपण आजही १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशातल्या भाडेकरूशी भांडत आहोत. तो भाडेकरू आता शहराच्या जुन्या भागात थोडा उरला आहे. आज मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर किंवा मेडिकल चौकाच्या आसपास राहणारा माणूस अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्यावर, राहतो, आणि त्याला घरातून काढणे कठीण नसून त्याने घरात निर्वेधपणे राहणे कठीण आहे. मालकाला घर मुदतीवर परत मिळण्याची हमी कायद्याने दिली, ती योग्यच होती. परंतु त्या बदल्यात मुदत संपेपर्यंतचे घर राहणाऱ्याचे आहे, ही दुसरी हमी द्यायची राहून गेली. ती दिल्याने मालकाचे काहीही जात नाही, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

आधी मालकांची भीती, कारण ती हवेतून आलेली नाही. विदर्भात घरभाड्याचा कायदा मुंबईपेक्षा वेगळा होता. मुंबई इलाख्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, भाडेनियंत्रण आले आणि १९४७ च्या कायद्याने ते पक्के झाले. नागपूर मात्र तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि इथे १९४९ चा घरे भाड्याने देण्यासंबंधीचा व भाडेनियंत्रणाचा आदेश लागू झाला. राजधानीत कचेऱ्या वाढत होत्या, फाळणीनंतर निर्वासित कुटुंबे येत होती, घरे अपुरी होती. त्या आदेशानुसार घर रिकामे झाले की मालकाने सरकारला कळवायचे आणि सरकार ते आपल्या नोकराला किंवा विस्थापिताला देऊ शकत असे. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची, म्हणजे भाडेनियंत्रण अधिकाऱ्याची, लेखी परवानगी घ्यावी लागे. ती मिळाल्यावर नोटीस आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा. म्हणजे एका घरासाठी दोन लढे, आणि प्रत्येक लढ्याला अपिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी गेली, राज्य बदलले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरीही टंचाईच्या काळासाठी केलेला हा आदेश ३१ मार्च २००० पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, नागपूरकरांच्या घरांवर लागू राहिला.

या अर्धशतकात त्याच प्रदेशातल्या माणसांनी आणखी काही पाहिले होते. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. पुढे विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदा आला आणि जमीन कसणाऱ्या कुळांना तिची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. तो न्याय होता असेच मी मानतो. परंतु ‘कूळ लागेल’ हा शब्दप्रयोग त्या काळात घराघरांत रुजला आणि शेतावरून घरापर्यंत पोचला. आजही एखादा निवृत्त शिक्षक आपली वरची खोली दोन वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबाकडे ठेवायला घाबरतो, तेव्हा त्याच्या मनात शेतजमिनीचाच कायदा असतो. ‘बारा वर्षे राहिला की मालक होतो’ हे वाक्य सुशिक्षित माणसेही खात्रीने सांगतात. वस्तुतः मालकाच्या परवानगीने घरात आलेल्या माणसाचा ताबा हा कधीही विरोधी ताबा (मालकाविरुद्ध दीर्घकाळ ठेवलेला, मालकी मिळवून देणारा ताबा) ठरत नाही, आणि ज्याच्याकडून जागा घेतली त्याचीच मालकी नाकारण्याची मुभा भाडेकरूला १८७२ च्या पुरावा कायद्यानेही दिलेली नव्हती. शेताच्या कुळाला मालकी मिळाली ती विशेष कायद्याने, धोरण म्हणून. घराच्या भाडेकरूसाठी असा सरसकट कायदा महाराष्ट्रात झालेला नाही.

जुन्या भाडेकरूंबाबत मालकांवर अन्याय झाला, हे मी हातचे न राखता मान्य करतो. मुंबईच्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचे म्हटले आणि त्यानंतरच राज्याला नवा कायदा करण्याची निकड भासली. सीताबर्डीत आणि इतवारीत आजही अशी दुकाने आणि घरे आहेत की ज्यांच्या भाड्यातून त्या वास्तूचा मालमत्ता करही भागत नाही. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका जीर्ण इमारतींना नोटिसा देते. मालक म्हणतो, या भाड्यात दुरुस्ती कशी करू. भाडेकरू म्हणतो, बाहेर पडलो तर परत येऊ देणार नाहीत. आणि भिंत दोघांच्याही डोक्यावर तशीच उभी राहते. या भाडेकरूंचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळे उत्तर हवे. मात्र त्या प्रश्नाचा राग मिहानच्या उद्योगक्षेत्रात नोकरीला लागलेल्या बावीस वर्षांच्या मुलीवर काढण्याचे कारण काय?

कारण त्या मुलीचे कायद्यातले स्थान पूर्ण वेगळे आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्राचे तीन निरनिराळे कायदे जाऊन एकच कायदा आला. त्याच्या कलम २४ नुसार निवासासाठी लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच परत मिळवण्यासाठी मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. तिथे राहणाऱ्याला बचाव मांडण्यासाठीही आधी परवानगी मागावी लागते. लेखी करारात जे लिहिले आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते. मुदतीनंतर जो राहील त्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. १९४९ च्या दोन लढ्यांच्या जागी एक सरळ अर्ज आला. सक्षम प्राधिकाऱ्याकडेही प्रकरणे रेंगाळतात, हा आक्षेप खरा आहे आणि ज्या विधवा बाईंचा संसार वरच्या मजल्याच्या किरायावर चालतो त्यांना सहा महिन्यांचा विलंबही परवडत नाही. परंतु विलंब हा कार्यालये, अधिकारी आणि तारखा यांचा प्रश्न आहे. तो राहणाऱ्याला हक्क जास्त असल्यामुळे होत नाही, कारण त्याला ते हक्क मुळात दिलेलेच नाहीत.

ही गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असतो, किरायेदार असतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. हा फरक शब्दांपुरता नाही. १९९९ च्या कायद्यात कलम १४ म्हणते की घर राहण्याजोगे ठेवण्याची दुरुस्ती मालकाने करावी, आणि नोटीस देऊनही त्याने ती केली नाही तर भाडेकरूने करून घेऊन ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च भाड्यातून वळता करावा. कलम २९ म्हणते की योग्य कारणावाचून मालकाने भाडेकरूचे पाणी, वीज किंवा तशी अत्यावश्यक सेवा तोडू नये. ही कलमे ‘भाडेकरू’ला उद्देशून आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने राहणाऱ्याला मुदतभर निर्वेध उपभोगाचा हक्क दिलेला आहे. तो कायदाही भाडेपट्ट्याविषयी बोलतो, परवान्याविषयी नाही. मग परवानाधारकाला काय मिळते? मुख्यतः करारात लिहिले असेल तेवढे. आणि करार कोण लिहून आणतो? मालकाने सांगितलेला एजंट, आधीच्या कराराची नावे बदलून.

परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो? नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. या उन्हाळ्यात कुलर चालवायचा तर वीज आणि पाणी दोन्ही लागते आणि दुमजली घरात वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप खाली मालकाच्या हाती असतो. मुदतीआधी घर रिकामे करून हवे असेल तर नोटीस देण्याची गरजच उरत नाही. पंप दोन दिवस बंद ठेवला की पुरते. माझ्या ओळखीच्या एका परिचारिकेने असे घर एका आठवड्यात सोडले आणि तीन महिन्यांची अनामतही तिथेच सोडली, कारण ती मिळवण्यासाठी दिवाणी न्यायालयात जाण्याचा खर्च अनामतीपेक्षा मोठा होता. मालकाने कलम २४ खाली जायचे ठरवले तर त्याला खास प्राधिकारी आहे. तिला त्याच दारात उभे राहता येत नाही. अनामत किती घ्यावी यावर या कायद्यात परवानाधारकासाठी मर्यादा नाही, ती किती दिवसांत परत करावी याचा उल्लेख नाही, आणि कोणत्या कारणासाठी किती कापावी याचे मोजमाप नाही. रंगरंगोटीच्या नावाखाली एक महिन्याचा किराया कापण्याचा रिवाज शहरात इतका मुरला आहे की एजंट तो आधीच तोंडी सांगून ठेवतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. रात्रीच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरले. त्या तळमजल्यांवर राहणारे सगळेच मालक नव्हते. चिखल भरलेल्या घराचा त्या महिन्याचा किराया द्यायचा की नाही, विजेची जोडणी दुरुस्त होईपर्यंत राहायचे कुठे, मुदतीआधी घर सोडले तर अनामत जप्त होणार का, या प्रश्नांवर अकरा महिन्यांच्या छापील करारात एक ओळही नसते. विशेष असे की १८८२ च्या त्या जुन्या कायद्याने पुराचा विचार केलेला आहे: आग, वादळ किंवा पूर यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाला तर भाडेपट्टा रद्द ठरवण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. त्या काळी कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते आपल्या करारांत आपण आजही लिहीत नाही.

यावर मालकांचा सर्वांत जोरदार युक्तिवाद येतो तो असा: राहणाऱ्यांचे हक्क वाढवाल तर लोक घरे किरायाने देणेच बंद करतील आणि नुकसान किरायेदारांचेच होईल. हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती, आणि कुलूप लावून ठेवलेली घरे आपल्या प्रत्येक वस्तीत दिसतात. पण मालकाने कुलूप का लावले, हे त्यालाच विचारावे. ‘अनामत पंधरा दिवसांत परत द्यावी लागेल म्हणून’ असे उत्तर मला कोणी दिलेले नाही. ‘घर परत मिळणार नाही म्हणून’ हेच उत्तर मिळते. घर मुदतीवर परत मिळण्याची हमी आणि मुदतीपर्यंत घरात सुखाने राहण्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४९ च्या आदेशाने मुदत हीच संकल्पना निरर्थक करून टाकली, म्हणून घरे बंद झाली. मुदत तशीच ठेवून तिच्या आतले संबंध न्याय्य केले तर कुलूप लावण्याचे कोणते नवे कारण निर्माण होते? केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात हीच रचना आहे. त्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नाही, मालकाने घरात येण्यापूर्वी २४ तास आधी कळवायचे, पाणी-वीज तोडायची नाही. आणि त्याच कायद्यात मुदतीनंतर राहणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे आहे. घरभाडे हा राज्याचा विषय असल्याने तो नमुना राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही. त्यातले सगळेच मला पटते असे नाही, कारण जुन्या भाडेकरूंचे काय करायचे याचे उत्तर तो देत नाही. परंतु दोन्ही बाजूंना एकाच दारात उभे करण्याची त्याची पद्धत योग्य आहे.

आता किरायेदारांच्या बाजूने बोलणाऱ्यांशी थोडे भांडतो, कारण त्यांचीही मांडणी मला कच्ची वाटते. ‘मालक श्रीमंत, किरायेदार गरीब’ हे चित्र मुंबईच्या चाळमालकाला लागू असेल. नागपुरातला घरमालक बहुधा सुधार प्रन्यास या नगरविकास संस्थेच्या लेआऊटमध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून घर बांधलेला, खाली स्वतः राहणारा आणि वरचा मजला किरायाने देणारा निवृत्त माणूस आहे. वर राहणारा संगणक अभियंता अनेकदा त्याच्याहून अधिक कमावतो. त्याने शेवटचे दोन महिने किराया न देता ‘अनामतीत वळते करा’ म्हणणे, दोघांच्या नावावर घेतलेल्या घरात पाच जणांना ठेवणे, न कळवता निघून जाणे आणि विजेचे बिल मागे ठेवणे यांना नाइलाज म्हणता येत नाही. माझ्या घरातून एक कुटुंब गेले तेव्हा न्हाणीघरातला नळ महिनोन्‌महिने गळत राहिल्याने खालच्या छताला ओल धरलेली आढळली. त्यांनी मला एकदाही सांगितले नव्हते. आपल्याला दिसलेला दोष मालकाला वेळेवर कळवणे ही राहणाऱ्याची साधी जबाबदारी आहे, वाजवी वेळी पाहणी करू देणे हे कलम १०८ नुसार भाडेकरूचे कर्तव्य आहे, आणि सामान्य झीज वगळता घर घेतले तसे परत करणे हे तर सर्वांत मोठे. जो हक्क मागतो त्याने ही कर्तव्येही करारात लिहून घ्यावीत. परवानाधारकाला कलम १०८ चे संरक्षण हवे असेल तर त्याचे ओझेही त्याच्या खांद्यावर आले पाहिजे.

दोघेही जे टाळतात ती गोष्ट म्हणजे नोंदणी. ‘अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणीची गरज नाही’ हा समज नागपुरात इतका पक्का आहे की शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का मारून व्यवहार पूर्ण झाला असे मानले जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून हा अकरा महिन्यांचा तोडगा निघाला. परंतु महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ही जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाची त्याच कलमातली दुसरी तरतूद: नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाईल. जो मालक ‘किरायेदार घुसला की निघत नाही’ म्हणतो, तोच नोंदणी न करून कलम २४ चा सर्वांत भक्कम आधार गमावतो आणि समोरच्याचा शब्द प्रमाण मानायला लावतो. खर्च किती? महिना १०,००० रुपये किराया आणि ३०,००० रुपये अनामत असेल तर अकरा महिन्यांसाठी पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क ३०० रुपयांच्या आसपास येते आणि शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये. आता हे काम घरबसल्या ऑनलाइनही होते. इतक्या पैशांसाठी माणसे आपल्या आयुष्याच्या ठेवीचा कागद कच्चा ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आयकराच्या भीतीने नोंदणी टाळणाऱ्यांनीही हिशेब करून पाहावा. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि निवृत्त माणसाचे उरलेले उत्पन्न पुष्कळदा करपात्र मर्यादेच्या आतच राहते.

आमच्या संस्थेचा ठराव तर दोन पावले पुढचा होता. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर लीव्ह अँड लायसन्सवर देताना संस्थेला आठ दिवस आधी कळवावे, कराराची प्रत द्यावी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडावी एवढेच अपेक्षित आहे. परवानगी मागण्याचे कारण नाही. सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. ‘एनओसी’ (ना हरकत दाखला) या नावाने संस्था जो अधिकार गाजवतात तो त्यांना कोणी दिलेला नाही.

अविवाहितांचा मुद्दा त्याहून गंभीर आहे, कारण तो लवकरच दुसऱ्या प्रश्नांकडे नेतो. सभेत एका सदस्याने प्रांजळपणे म्हटले की घर माझे आहे, कोणाला द्यायचे ते मीच ठरवणार. या म्हणण्यात तथ्य आहे. खाली आजारी आई असेल तर वर रात्री दोनपर्यंत गाणी वाजवणारा नको, ही अपेक्षा रास्त आहे आणि करारात लिहिता येण्याजोगी आहे. परंतु आवाजाची अट वागण्यावर असते. ती मोडली तर दाखवता येते आणि न मोडणाऱ्याला तिचा त्रास होत नाही. लग्न न झालेला, अमुक आडनावाचा, अमुक धर्माचा ही वागण्याची वर्णने नाहीत. अविवाहित म्हणून नकार देताना निदान कारण उघड बोलले जाते. आडनाव ऐकून ‘अहो, कालच दिले घर’ असे सांगितले जाते तेव्हा खोटे बोलण्याची गरज पडते, आणि ती गरजच सांगते की बोलणाऱ्यालाही हे कारण उजळ माथ्याने सांगता येत नाही. आपल्या संविधानाचे कलम १५ दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांच्या वापराबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरवते; खासगी घर भाड्याने देण्याचा उल्लेख तिथे नाही. कायद्यातल्या या मोकळ्या जागेत आपण काय करतो, हा प्रश्न प्रत्येक घरमालकाचा स्वतःचा आहे.

१९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. जात कळली की कोणी जागा देईना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी त्यांच्यापाशी पदव्या होत्या, पगार होता, संस्थानाचा आधार होता आणि जागेचे पैसे द्यायची तयारीही होती. तरीही शहरात एक खोली मिळाली नाही. ज्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला आणि जिथे दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी वस्त्या-वस्त्यांतून पाण्याचे आणि जेवणाचे मंडप उभे राहतात, त्या गावात आजही खोली दाखवण्याआधी ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारले जाते. मालकाच्या मालकीहक्काचा आदर करूनही मला हे सांगावेसे वाटते की बाजारात आणलेली वस्तू, तिची किंमत द्यायला तयार असलेल्या माणसाला त्याच्या जन्मामुळे नाकारणे, हा मालकीचा उपभोग नाही. पाणवठा सगळ्यांचा व्हावा म्हणून चवदार तळ्यावर जावे लागले, तेव्हाही ‘तळे कोणाचे’ हाच वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला होता.

पुढच्या सभेत मी ठरावाला उपसूचना मांडणार आहे. सभासदाने घर कोणाला द्यावे यावर संस्थेने बंधन घालू नये. मात्र नोंदणीकृत कराराची प्रत सर्वांनी द्यावी, आणि करारासोबत घराच्या अवस्थेची छायाचित्रे व पंखे, नळ, दिवे, मीटरचे आकडे यांची दोघांच्या सह्यांची यादी जोडावी. नंदनवनच्या घरासाठी मी गेली चार वर्षे अशी यादी करतो. मागच्या मे महिन्यात एका कुटुंबाने घर सोडले. यादी हातात घेऊन आम्ही दोघे अर्धा तास घरभर फिरलो, तुटलेल्या एका जाळीचे पैसे वजा केले आणि उरलेली अनामत त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यात गेली.

संस्थेपुरते एवढे होईल. उरलेले काम विधिमंडळाचे आहे आणि ते डिसेंबरात आपल्याच शहरात भरते. त्या अधिवेशनाकडे घेऊन जायची मागणी मोठी नाही. १९९९ च्या कायद्यात दुरुस्ती करून कलम १४ आणि २९ मधील संरक्षण मुदतीपुरते परवानाधारकालाही द्यावे, दोष कळवण्याचे आणि घर जसेच्या तसे परत करण्याचे कर्तव्य त्याच्यावर स्पष्ट लिहावे, निवासी अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित करावी, आणि ज्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे मालक घराचा ताबा मागायला जातो, त्याच प्राधिकाऱ्याकडे राहणाऱ्याला आपली अनामत आणि आपले पाणी मागायला जाता यावे.